पाह्यलं का आइकलं?

सोललेलं संत्रं पाण्यात बुडतं आणि न सोललेलं तरंगतं, हे मला चाळिशीला टेकल्यावर कळलं. जन्म नागपूरचा, सगळं आयुष्य नागपुरात. थंडीभर संत्री खाल्ली, सालीचा रस भावंडांच्या डोळ्यांत उडवला आणि त्याबद्दल मारही खाल्ला. पण संत्रं पाण्यात टाकून पाहावं असं एकदाही मनात आलं नाही. यावं तरी कशाला? ते खायचं असतं. लांजेवार मॅडम भेटल्या नसत्या तर मी हे न कळताच म्हातारी झाले असते, आणि माझं फारसं काही बिघडलंही नसतं. पण त्या भेटल्या.

कोराडी रोडवरच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले, त्या पहिल्याच दिवसाची गोष्ट. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये गेले तर सगळ्यांचे डबे खिडकीत आणि टेबलावर पाण्याची बादली. बादलीपाशी एक ठेंगणी बाई उभी होती. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली पीटीचे पांढरे बूट. हातात दोन संत्री. मला पाहून नाव-गाव काही न विचारता त्या म्हणाल्या, "मराठीची नवीन मॅडम का वं तू? ये. हे संत्रं तरंगून राहिलं, दिसते ना? आता सोललं तर तरंगते का बुडते?"

"तरंगेल," मी म्हटलं. "साल निघाली की हलकंच होईल ना."

बाकीच्यांनीही आधी हेच सांगितलं होतं असं दिसलं, कारण सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मुख्याध्यापक डांगे सर तर चक्क मान डोलावत होते. मॅडमनी संत्रं सोललं, पाण्यात सोडलं आणि ते सरळ तळाला गेलं. डांगे सर म्हणाले की हे संत्रंच खराब असेल. त्यांनी दुसरं स्वतः सोललं. तेही गेलं. मग घंटा होईपर्यंत कुणी जेवलं नाही.

मी विचारलं, "पण असं का होतं?"

"मी काहून सांगू? साल हाय ना तुह्यापाशी. पाह्य तिच्यात." एवढं बोलून त्यांनी हात पुसले आणि वर्गावर निघून गेल्या.

मला थोडा रागच आला. तरी साल मी पर्समध्ये ठेवली, घरी नेली, वाटीभर पाण्यात बुडवून बोटानं दाबली. तिच्यातून बारीक बुडबुडे निघाले. दुसऱ्या दिवशी मी धावतपळत जाऊन मॅडमना सांगितलं, "सालीत हवा असते." त्या "हं" म्हणाल्या आणि वह्या तपासत राहिल्या. हा "हं" म्हणजे त्यांच्याकडचं सर्वांत मोठं बक्षीस असतं, हे कळायला मला पुढे बरेच महिने लागले.

त्या तिसरी-चौथीला विज्ञान शिकवायच्या. पुस्तकाच्या कव्हरवर परिसर अभ्यास लिहिलेलं असतं, पण पोरं त्या तासाला विज्ञानच म्हणत. मॅडमच्या तोंडून "बरोबर" हा शब्द कुणी ऐकला नव्हता आणि "चूक" हाही नाही. पोरगं काहीही बोललं की त्यांचा एकच प्रश्न असे, "पाह्यलं का आइकलं?" पाहिलं असेल तर कुठे, कधी, किती वेळ, आणखी कोण होतं तिथे, हे सगळं सांगायचं. ऐकलं असेल तरी त्यात लाज नव्हती. फक्त ऐकलं असं कबूल करायचं.

आणि मग ते फळ्यावर जायचं. चौथीच्या फळ्याची उजवी अर्धी बाजू मॅडमनी यासाठी राखून ठेवली होती. पोरगं जे म्हणेल ते तिथे त्याच्या नावानिशी लिहायचं आणि भोवती चौकट काढायची. वाक्य खरं की खोटं ते मॅडम सांगणार नाहीत. ज्याचं वाक्य, त्यानंच ते पुसायचं, आणि तेही स्वतःच्या डोळ्यांनी काही वेगळं पाहिल्यावर. तोवर त्याला कुणीही हात लावायचा नाही. शिपायानं नाही, डांगे सरांनी नाही आणि मराठीच्या मॅडमनं तर मुळीच नाही. त्यामुळे वसंत ऋतूची कविता मला अर्ध्या फळ्यावर शिकवावी लागे, आणि शेजारी चौकटीत लिहिलेलं असे, "पाल विषारी असते, सानिका". त्याखाली, "झाडं रात्री झोपतात, आर्यन". त्याखाली, "गरम दूध थंड दुधापेक्षा जड असते, वेदांत". वेदांतचं दूध दिवाळीपासून परीक्षेपर्यंत फळ्यावर होतं. मी एकदा कुरकुर केली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुह्या कवितेत कोकिळा गाते. पाह्यली का तू? गाते तो कोकीळ असते." त्यानंतर मी अर्ध्या फळ्यात भागवलं.

शाळेबाहेरही त्या तशाच होत्या. आम्ही दोघी शहराकडे एकाच बसनं जायचो. मी धरमपेठेत राहायची, त्या सदरला. बसनं ब्रेक मारला आणि सगळे पुढे कोसळले की बाकीचे ड्रायव्हरला बोलत, आणि या मागे वळून पाहत की कोण जास्त कोसळलं, उभा माणूस की बसलेला. एकदा भाचीसाठी मुलगा पाहायला गेल्या होत्या. मुलाची आई म्हणाली, आमच्या पिंटूला कसलंही व्यसन नाही. मॅडमनी सवयीनं विचारून टाकलं, "पाह्यलं का आइकलं?" ते लग्न जमलं नाही. भाचीनं पुढे दोन वर्षं मावशीशी अबोला धरला. नंतर तिचं दुसरीकडे चांगलं लग्न झालं तेव्हा स्वतःच फोन केला.

त्यांचे मिस्टर वीज केंद्रातून रिटायर झालेले. त्यांना मी लांजेवार साहेब म्हणायची. अतिशय कमी बोलणारा माणूस, आणि त्या घरात ते बरंच होतं. फ्रिज उघडला की चिठ्ठ्या लावलेल्या वाट्या दिसायच्या. बुरशी आलेली पोळी, बुरशी न आलेली पोळी, मिठाच्या पाण्यातली भेंडी. एकदा मॅडमनी दोन वाट्यांत मूग भिजवले. एक वाटी खिडकीत ठेवली आणि एक कपाटात अंधारात. कपाटातले मूग लांबलचक, पिवळे, सुंदर आले. साहेबांना वाटलं उसळीसाठीच ठेवलेत. त्यांनी फोडणी घातली आणि खाऊन टाकले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गात खरंखुरं सांगितलं, की अंधारातले मूग साहेबांनी खाल्ले. पोरांनी निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं, "अंधारातले मूग चवीला चांगले असतात. (साहेबांनी सांगितले. ऐकलं.)" त्या वह्या तपासताना मॅडम अशा हसल्या की स्टाफरूममधल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

स्वतःवर हसायला त्यांना कमीपणा वाटत नसे. आमच्या भागात खिडकीची फळी सकाळी पुसली तरी संध्याकाळी बोट फिरवलं की राखाडी होतं. धूळ सगळ्यात जास्त कुठे बसते ते पाहायचं ठरलं. पोरांनी काचेच्या पट्ट्यांना एरंडेल चोपडलं आणि पट्ट्या ठिकठिकाणी ठेवल्या. गच्चीवर, रस्त्याकडच्या गेटवर, घरच्या देवघरात, स्वयंपाकघरात. दोनचार दिवसांनी सगळ्या पट्ट्या गोळा केल्या, तर सर्वांत जास्त थर निघाला वर्गातल्या फळ्याखालच्या पट्टीवर. पांढराशुभ्र. एका पोरानं निष्कर्ष काढला, "सगळ्यात जास्त धूळ मॅडम करतात." मॅडम त्याला "हं" म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून फळा ओल्या फडक्यानं पुसायला लागल्या.

असं सगळं चाललं होतं. पालकांत मात्र कुरबुर होती. विज्ञानाच्या वहीत प्रश्नोत्तरं नसत, पोरांच्या वाकड्यातिकड्या चित्रांचे ढीग असत. गोतमारे नावाचे एक पालक होते, त्यांचा मुलगा चौथीत. माणूस वाईट नव्हता, पण पोराला स्कॉलरशिप मिळावी याचा त्यांनी ध्यास घेतला होता आणि उत्तर पक्कं हवं असायचं. दर सभेत ते उठून विचारत, "मॅडम, नेमकं उत्तर काय लिहायचं पोरानं?" मॅडम म्हणायच्या, "त्यानं काय पाह्यलं ते." गोतमारे खाली बसत, पण त्यांचं समाधान होत नसे.

परवाच्या साली शाळेत खुला तास ठेवला. पालकांनी वर्गात मागे बसून शिकवणं पाहायचं. मॅडमनी त्या दिवसासाठी त्यांचा सर्वांत लाडका धडा निवडला, मेणबत्तीचा. हा प्रयोग त्यांनी स्वतः चौथीत असताना काटोलकडच्या त्यांच्या गावच्या शाळेत पाहिला होता. गुरुजींनी ताटलीत पाणी घेतलं, मधोमध मेणबत्ती पेटवली, वर काचेचा ग्लास पालथा घातला. ज्योत विझली आणि पाणी आपोआप ग्लासात वर चढलं. "मले वाटलं, पानी जितं हाय," असं त्यांनी मला बसमध्ये एकदा सांगितलं होतं. त्या दिवशीच त्यांनी मास्तरीण व्हायचं ठरवलं. त्यानंतर नोकरीच्या प्रत्येक वर्षी त्यांनी तो प्रयोग केला होता आणि गुरुजींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं होतं.

मला तास नव्हता म्हणून मीही मागे जाऊन उभी राहिले. ताटलीत निळं पाणी. मेणबत्ती पेटली, ग्लास पालथा पडला, ज्योत बारीक होत विझली, पाणी सर्रकन वर चढलं. पालकांत कौतुकाची कुजबुज झाली. आणि मॅडमनी, ज्या कधी काही सांगत नसत, त्यांनी सांगितलं, "हवेतला जो भाग मेणबत्तीले जळाले मदत करते, तो संपला. त्याची जागा पान्यानं घेतली."

मागच्या बाकावरून पूर्वी ठवकरनं हात वर केला. ही पोरगी वेणीची रिबन चघळत बसायची. तिचे वडील कोळशाचा ट्रक चालवत. ती म्हणाली, "मॅडम, मेणबत्ती जळून राहिली होती तवा पानी जास्त नाई चढलं. विझल्यावर चढलं."

"पाह्यलं का तू?"

"हो. आणि ग्लास ठेवला तवा बाजूनं बुडबुडे निघाले. हवा तर बाहेर गेली."

मॅडमनी पुन्हा केलं. या वेळी आम्ही सगळ्यांनीच नीट पाहिलं. बुडबुडे निघाले, ज्योत जळत होती तोवर पाणी जेमतेम हललं, ज्योत विझली आणि मग पाणी चढलं. जळून जागा रिकामी होत असेल तर पाण्यानं जळतानाच चढायला हवं होतं. हे माझ्यासारख्या मराठीच्या बाईलाही कळलं.

मग पूर्वीनं विचारलं. उर्मटपणा तिच्यात नव्हता, त्या वर्गात सगळेच सगळ्यांना हे विचारत. "मॅडम, तुम्ही ते पाह्यलं का आइकलं?"

मागे कुणीतरी हसलं. मॅडम ताटलीकडे पाहत उभ्या राहिल्या. मला त्यांची फार काळजी वाटली, कारण त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. जवळच्या माणसानं आपल्याला फसवलं असं कळल्यावर होतो तसा तो झाला होता. मग त्या म्हणाल्या, "आइकलं." खडू घेतला, उजव्या बाजूला गेल्या आणि लिहिलं, "हवेचा भाग जळून संपतो म्हणून पाणी वर चढते, लांजेवार मॅडम". त्याभोवती चौकट काढली.

गोतमारेंनी फळ्याचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या सगळ्या ग्रुपवर होता. सोबत लिहिलं होतं, मॅडमलाच येत नाही तर पोरांना काय येणार. चौकटीतली बाकीची वाक्यंही फोटोत आली होतीच. पाल विषारी असते हेही आमची शाळा शिकवते, असा त्याचा अर्थ झाला. दोन दिवसांत संस्थेच्या ऑफिसातून डांगे सरांना फोन आला.

डांगे सर भले गृहस्थ होते. त्यांनी मॅडमना बोलावून चहा पाजला आणि स्पष्ट सांगितलं. शनिवारी पालकसभा आहे. तिथे मॅडमनी पक्कं उत्तर द्यायचं, ते वाक्य पुसायचं आणि प्रकरण मिटवायचं. नाही मिटलं तर संस्था त्यांना दुसऱ्या शाळेत दुसरीच्या वर्गावर पाठवणार. तिथे विज्ञान नाही. रिटायर व्हायला दोनच वर्षं उरली होती, म्हणजे विज्ञान संपलं ते कायमचंच.

त्या दिवशी बसमध्ये मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या, पण काही पाहत नव्हत्या. मानकापूर गेल्यावर म्हणाल्या, "दुसरीची पोरं लय गोड असतात वं. जे सांगू ते मानतात." थोड्या वेळानं म्हणाल्या, "चौथीतली भांडतात. मले भांडनारी पायजेत." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांचा हात धरला, कारण दुसरं काही सुचलं नाही.

पुढचा आठवडा मात्र त्या वेगळ्याच बाई होत्या. रोज मधल्या सुट्टीत चौथीच्या वर्गात ताटल्या मांडलेल्या. एक मेणबत्ती लावून पाहिली, मग दोन, मग तीन. हवा तेवढीच, ग्लास तोच, तरी तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढलं. मॅडम दर वेळी मला ओढून न्यायच्या आणि म्हणायच्या, "तू पाह्य. तुले काही माहीत नाही, तू चांगलं पाहशील." ही मी स्तुती म्हणून घेतली.

शेवटी पूर्वीनंच सुचवलं की मेणबत्ती न लावताच ग्लास गरम करून पाहू. मी थर्मासमधून कढत पाणी नेलं. मॅडमनी ते ग्लासात ओतलं, थोडा वेळ ठेवलं, फेकून दिलं आणि रिकामा गरम ग्लास फडक्यानं धरून ताटलीत पालथा घातला. आम्ही सगळे वाकून बसलो. ग्लास थंड होत गेला आणि निळं पाणी हळूहळू आत चढलं. काही जळलं नव्हतं. ज्योतच नव्हती. गरम हवा थंड होऊन आक्रसली, एवढंच.

पोरं नाचायला लागली. मॅडम पोरांच्या बाकावर बसल्या. तो बाक त्यांनाही लहान पडत होता. मग म्हणाल्या, "गुरुजींनीबी कोनाचं तरी आइकलंच असेल." त्या रडतील असं मला वाटलं, पण त्या हसल्या. "इतकी वर्षं माह्या डोयासमोर विझल्यावरच चढत होतं वं. दर साली. आणि मले दिसलं नाही."

मला हायसं वाटलं. आता उत्तर मिळालं होतं. मी म्हटलं, "पुसून टाका ना मग." त्या म्हणाल्या, शनिवारी सगळ्यांसमोर पुसते.

शनिवारी वर्ग भरला होता. पालक, पोरं, दारापाशी डांगे सर. पुढच्याच बाकावर गोतमारे. मॅडमनी गरम ग्लासाचा प्रयोग केला. गोतमारे उठून जवळ आले. ग्लासाला हात लावून पाहिला, काही चलाखी तर नाही ना म्हणून ताटली उचलून खालूनही पाहिली. मग म्हणाले, "मी करू का?" त्यांनी स्वतः कढत पाणी ओतलं, बोट भाजून घेतलं, ग्लास पालथा घातला. पाणी चढलं तसं ते "अरे" म्हणाले आणि पोराकडे पाहायला लागले. ते पोर बापाकडे अशा कौतुकानं पाहत होतं की सभा तिथेच जिंकली असं मी समजले.

डांगे सरांचा चेहरा उजळला. "चला मॅडम, पुसा आता ते वाक्य. बात खतम."

मॅडमनी ओलं फडकं उचललं, फळ्यापाशी गेल्या आणि हात वर केला.

"मॅडम, नका पुसू," पूर्वी म्हणाली.

सगळे वळले. पूर्वीनं रिबन तोंडातून काढली. "गरम ग्लासात पानी थोडंच चढलं. मेणबत्तीच्या ग्लासात लय चढलं होतं. मंग तुमचं वाक्य थोडंसं खरं असलं तर?"

मॅडमचा हात फळ्यापाशी तसाच राहिला. फडक्यातलं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, पुसा. पोरीला नंतर सांगता येईल. सोमवारी सांगता येईल. आधी वर्ग तर राहू द्या. डांगे सरही तेच म्हणत असावेत, त्यांचे ओठ हलत होते.

गोतमारे म्हणाले, या वेळी आवाजात टोचणी नव्हती, "मॅडम, मग नेमकं उत्तर काय?"

"मले अजून माहीत नाही," मॅडम म्हणाल्या आणि फडकं टेबलावर ठेवलं.

 मग मागून दोनतीन पालक एकदम बोलू लागले. माहीत नाही म्हणजे काय, परीक्षेत पोरं हेच लिहिणार का, फी कशाची घेता. गोतमारे मागे वळून त्यांना काही समजावू पाहत होते, पण त्यांनीच पेटवलेलं आता त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. सभा संपली तेव्हा डांगे सर मॅडमपाशी आले. त्यांना फार वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "मॅडम, मी काही करू शकत नाही. सोमवारपासून तुम्हाला तिकडच्या शाळेत जावं लागेल."

"बरं सर," मॅडम म्हणाल्या.

मी त्यांची वाट पाहत बाहेर थांबले. बसमध्ये काय बोलायचं, हे मनाशी जुळवत होते. पालक गेले, पोरं गेली, शिपाई दारं लावत चौथीच्या वर्गाकडे यायला लागला, तरी मॅडम येईनात. मग मी वर्गात डोकावले. मला त्यांचा राग आला होता, सरळ राग. फळ्यावर एकदा हात फिरवायचा, तेवढ्यासाठी या बाईनं आपला वर्ग घालवला. इतका खरेपणा कुणी मागितला होता?

मॅडम जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. समोर पूर्वी बसली होती. मध्ये ताटली, दोन ग्लास, विझलेली मेणबत्ती. पूर्वी काहीतरी सांगत होती आणि मॅडम मान पुढे काढून ऐकत होत्या. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, तो वर करायचंही त्यांना भान नव्हतं.

"पन ग्लास मेणबत्तीइतका गरम कसा करायचा, सांग ना," मॅडम म्हणाल्या. "कढत पान्यानं तर तितका होत नाही."

"मेणबत्तीवरच उलटा धरू, मॅडम. बाहेरच. आत काहीच जळनार नाई, पन गरम तितकाच."

"धूर आत जाईल ना वं."

"मंग आडवा धरू."

मॅडम विचारात पडल्या. वय जाऊन त्या त्या पोरीच्याच वर्गातल्या वाटत होत्या, आणि मला त्या दोघींचा हेवा वाटला. मी हाक मारणार होते, बस निघून जाईल म्हणून. तेवढ्यात मॅडमनी काडी ओढली, मेणबत्ती लावली, पदराचा शेव हाताला गुंडाळला आणि ग्लास ज्योतीवर आडवा धरला.

"तू खालून पाह्य," त्या पूर्वीला म्हणाल्या. "मी वरून पाह्यते."